गळणं, पाझरणं, उसळणं, फुटणं: इंग्रजीत नेमका शब्द कसा निवडायचा

पाणी कम्स आउट, रक्त कम्स आउट, धूर कम्स आउट, राग पण कम्स आउट. नागपुरात इंग्रजी शिकवताना हे मला सारखं ऐकू येतं. मुलं हुशार असतात, बँकेची नाहीतर एसएससीची तयारी करून राहिलेली, व्होकॅबच्या याद्या तोंडपाठ, तरी निबंधात किंवा इंटरव्ह्यूत बाहेर पडणाऱ्या कुठल्याही गोष्टीला हेच एक क्रियापद लावून मोकळी होतात. चूक नाहीये ते, पण वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही, नळाची धार दिसत नाही की भिंतीची ओल दिसत नाही.

याद्यांचा दोष असा की गश, स्पर्ट, ऊझ, सीप, स्प्यू, इरप्ट सगळ्यांसमोर "बाहेर येणे, वाहणे" एवढंच लिहिलेलं असतं, मग कोणता शब्द कुठं हे कळणार कसं? माझं म्हणणं असं आहे की हे शब्द अर्थ पाठ करून येतच नाहीत, आधी ती वस्तू बाहेर कशी पडून राहिली हे नीट बघावं लागतं. जोर किती आहे, वाट कुठली आहे, पातळ आहे की घट्ट, आणि ते बाहेर येणं आपल्याला हवं होतं की नको होतं. एवढं ठरलं की शब्द बहुतेक वेळा आपोआप सापडतो, आणि मग राग, रडू, कौतुक, गर्दी यांच्यासाठीही तोच शब्द त्याच्या स्वभावासकट वापरता येतो.

सुरुवात मराठीपासून

वही घ्या आणि पहिल्या पानावर इंग्रजी लिहूच नका. ठिबकणं, टपकणं, गळणं, ओघळणं, पाझरणं, झिरपणं, सांडणं, उतू जाणं, ओसंडणं, उसळणं, उफाळणं, चिळकांडी उडणं, भळाभळा वाहणं, धो धो कोसळणं, हे शब्द लिहून काढा आणि प्रत्येकासमोर घरातली किंवा गल्लीतली एक वस्तू लिहा. कूलर ठिबकतो, भिंत पाझरते, दूध उतू जातं, तलाव ओसंडतो. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी आजीला विचारा, अजून चारपाच शब्द मिळतील. माझा अनुभव असा की ज्याला पाझरणं आणि गळणं यातला फरक मराठीत कळतो त्याला सीप आणि लीक समजावायला दोन मिनिटं पुरतात, आणि ज्याला मराठीतच सगळं "पाणी येऊन राहिलं" असं आहे त्याला इंग्रजीतही कम्स आउटच सुचणार.

पहिली पायरी: जोर

घरचा नळ यासाठी फार चांगला आहे. आपल्याकडे पेंच आणि कन्हानचं पाणी येतं आणि मे महिन्यात त्याचा प्रेशर कसा असतो हे नागपूरकरांना सांगायला नको. नळ बंद केला तरी थेंब थेंब पडतो ते ड्रिप, "द टॅप इज ड्रिपिंग". इथे थेंब सुटे असतात, टप टप मोजता येतात, म्हणूनच संत्र्याच्या बागेतलं ठिबक सिंचन म्हणजे ड्रिप इरिगेशन. थेंब जोडले जाऊन बारीक, कमजोर धार झाली की ट्रिकल. ट्रिकलमध्ये कमीपणाची भावना आहे, पुरेसं नाही असं सुचवायचं असतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये एखाद्या थंड्या पडलेल्या दुकानाबद्दल "ओन्ली अ ट्रिकल ऑफ कस्टमर्स" म्हणता येतं. नीट चालू आहे तर रन किंवा फ्लो. घरातल्या नळाला रनच जास्त शोभतं, "डोन्ट लीव्ह द टॅप रनिंग", आणि नाक वाहतं तेही रन. नदीला दोन्ही चालतात.

भरपूर आणि सलग पडून राहिलं तर पोर. धो धो पाऊस चालू असेल तर "इट्स पोरिंग" एवढंच म्हणायचं, त्याला पुढे हेवीली वगैरे शेपूट लावायची गरज नाही. आणि दाबाखाली एकदम, खूप, जोरात सुटलं की गश. रस्त्याचं खोदकाम चालू असताना जेसीबीचा दात पाइपलाइनला लागतो आणि पाणी उसळतं ते दृश्य ज्यांनी बघितलंय त्यांना गश कधीच विसरायला होणार नाही. तेलाच्या विहिरीतून तेल असं स्वतःच्या दाबाने उसळतं तेव्हा त्या विहिरीलाच गशर म्हणतात. अमेरिकेत टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप नावाच्या ठिकाणी 10 जानेवारी 1901 ला असा गशर फुटला आणि तो आवरायला नऊ दिवस लागले. आपल्या बाथरूममधला गिझर पण याच घराण्यातला. आइसलंडमध्ये गेसिर नावाचा गरम पाण्याचा झरा आहे, उसळणं अशा अर्थाच्या तिथल्या क्रियापदावरून ते नाव आलं, आणि तेच फिरत फिरत आपल्या भिंतीवरच्या टाकीला लागलं.

गश आणि स्पर्ट यात मुलं हमखास गोंधळतात. गश सलग असतं, स्पर्ट झटक्याझटक्याने येतं आणि थांबतं. सगळ्यात स्पष्ट फरक फर्स्ट एडच्या पुस्तकात दिसतो, तिथे रक्तस्रावाचे तीन प्रकार तीन वेगळ्या क्रियापदांनी सांगतात. धमनी कापली गेली तर हृदयाच्या ठोक्यागणिक लालभडक रक्त उडतं, ते स्पर्ट. शीर कापली तर गडद रक्त सलग वाहतं, ते फ्लो. आणि नुसतं खरचटलं तर बारीक केशवाहिन्यांमधून हळूहळू वर येतं, ते ऊझ. नर्सिंगच्या मुलामुलींनी हे तिन्ही पक्के करावेत, कारण इथे चुकीचा शब्द गेला तर समोरच्याला जखमेची कल्पनाच चुकीची जाते. स्पर्टमधला झटका लक्षात राहिला की ग्रोथ स्पर्ट पण कळतो, मुलगा एका वर्षात ताडमाड वाढतो आणि मग थांबतो तो. याच कुटुंबातला स्क्वर्ट म्हणजे बारीक भोकातून मुद्दाम किंवा चुकून उडालेली चिळकांडी. पिचकारी स्क्वर्ट करते. संत्रं सोलताना साल वाकवली की सालीतल्या बारीक पिशव्या फुटून तेलाची फवारणी थेट डोळ्यात जाते आणि डोळा चुरचुरतो, तेही स्क्वर्टच.

दुसरी पायरी: वाट कुठली

इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

बंद असायला हवी अशी वस्तू, आणि तिला नको तिथे भोक किंवा फट: लीक. कूलरची टाकी, सिलिंडर, छत, पाइप. कूलर पुढून ठिबकून राहिला असेल तर आधी बघा की ते पाणी येतंय कुठून. टाकीच्या तळाला गंजून भोक पडलं असेल तर "द टँक इज लीकिंग". टाकी चांगली आहे पण वूड वूलच्या ताट्या जास्त भिजून पाणी बाहेरच्या बाजूने टपकतं तर "वॉटर इज ड्रिपिंग फ्रॉम द पॅड्स". आणि पाइप लावून ठेवला, विसरले, टाकी भरून काठावरून वाहायला लागली तर "द टँक इज ओव्हरफ्लोइंग". फरशी तिन्ही वेळा ओलीच होते पण दुरुस्ती तिन्हीची वेगळी, मेकॅनिकला फोनवर सांगायचं असेल तर शब्द बरोबर हवा.

भोक दिसत नाही पण पाणी आरपार येतंय, भिंतीतून, मातीतून, कापडातून, तर सीप. पावसाळ्यात भिंतीवर ओलीचा नकाशा उमटतो त्याला सीपेज म्हणतात. सीप हळू असतं आणि लपून होतं, म्हणून बातमी, अफवा, भीती, निराशाही सीप करतात, "फिअर सीप्ड इन्टू द टाउन".

उघडं भांडं कलंडलं, हलवताना हिंदकळलं, तर स्पिल. चहा, तर्री, पेट्रोल. तर्री पोह्याची प्लेट उचलताना शर्टावर पडते ते स्पिल, लीक नाही. दूध उतू गेलं याला मात्र बॉइल ओव्हर हवं, "द मिल्क बॉइल्ड ओव्हर", कारण तिथे उकळी आहे. मुलं इथे ओव्हरफ्लो वापरतात, कळतं सगळ्यांना, पण कानाला खटकतं.

आता ओव्हरफ्लो, बर्स्ट आणि ब्रीच. 22 आणि 23 सप्टेंबर 2023 च्या मधल्या रात्री नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी पात्र सोडून वस्त्यांमध्ये शिरली, कितीतरी घरांमध्ये झोपेतल्या लोकांच्या खाटेला पाणी लागलं. ज्यांचं सामान त्या रात्री गेलं त्यांच्यासाठी हा व्याकरणाचा विषय नाही हे मला माहिती आहे, पण इंग्रजीत ती घटना सांगायची तर "अंबाझरी लेक ओव्हरफ्लोड" असंच सांगावं लागेल, "द डॅम बर्स्ट" नाही. ओव्हरफ्लोमध्ये बांध जागेवर असतो, पाणी वरून जातं. बर्स्टमध्ये बांधच जातो, जसं 12 जुलै 1961 ला पानशेतला झालं, "द पानशेत डॅम बर्स्ट". ब्रीच म्हणजे बांधाला किंवा कालव्याला खिंडार पडणं, "द कॅनॉल वॉज ब्रीच्ड", हा शब्द सरकारी रिपोर्टमध्ये जास्त. नदी दुथडी भरून वाहते तर "द रिव्हर इज इन स्पेट".

तोतलाडोह धरणाचे गेट उघडून पाणी सोडलं तर ते यातलं काहीच नाही, कारण ते माणसांनी ठरवून केलं, तिथे रिलीज किंवा डिस्चार्ज. डिस्चार्ज क्यूसेकमध्ये सांगतात, एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. हाच डिस्चार्ज दवाखान्यातून सुट्टी मिळते तिथेही येतो, जखमेतून पू येतो तिथेही आणि मोबाईलची बॅटरी उतरते तिथेही.

तिसरी पायरी: पातळ की घट्ट

ही पायरी छोटी आहे, पण ऊझ हा शब्द इथेच नीट बसतो. घट्ट, चिकट, संथपणे बाहेर येणारं ते ऊझ करतं. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांना डिंक्या रोग माहिती आहे. जमिनीतल्या फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे बुंध्याची साल कुजते, उभ्या चिरा पडतात आणि त्यातून तपकिरी डिंक वर येऊन मण्यासारखा जमतो, बोटाला लावला तर चिकटतो. "गम ऊझेस फ्रॉम द बार्क." डिंक इथे ड्रिप करत नाही, फ्लो तर नाहीच नाही. ॲग्रीच्या मुलांना शोधनिबंधात एक्झ्यूड पण दिसेल, तो त्याचा जरा सुशिक्षित भाऊ, मूळ लॅटिन शब्द घाम येण्यावरून आलाय. आत भरलेलं आहे आणि अंगातून बाहेर येतंय असा हा भाव माणसांनाही लागतो, "शी ऊझेस कॉन्फिडन्स". कॉन्फिडन्स लीक केला असं म्हटलं तर तो संपत चाललाय असं होईल, उलटाच अर्थ.

चौथी पायरी: हवं होतं की नको होतं

कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या धुराच्या चिमण्या बघा. तटस्थ रिपोर्ट लिहायचा असेल तर "द चिमनीज एमिट स्मोक". तक्रार लिहायची असेल तर "स्प्यू स्मोक". स्प्यूमध्ये घाण आहे, ओकणं आहे, म्हणून शिव्या आणि द्वेषही स्प्यू करतात. चांगल्या गोष्टीला तो कधीच लावू नका. सुगंधासाठी, प्रकाशासाठी, शांतपणे पसरणाऱ्या कशासाठीही एमनेट किंवा गिव्ह ऑफ. एकाच धुराला दोन शब्द लावून तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात हे सांगता, तेव्हा अर्ज कोणाकडे चाललाय ते बघून शब्द निवडा.

इरप्टबद्दल इथेच सांगते. ई म्हणजे बाहेर आणि रम्पेरे म्हणजे तोडणं या लॅटिन तुकड्यांतून तो आला, रप्चर, इंटरप्ट, करप्ट, बँकरप्ट सगळ्यांमध्ये तोच तोडणारा तुकडा आहे. ज्वालामुखी इरप्ट होतो, अंदमानातलं बॅरन बेट 1991 मध्ये पुन्हा जागं झालं ते इरप्शन. पण इरप्ट म्हणजे स्फोटच असं समजू नका. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती काळ्या बेसाल्टची आहे, म्हणजे दख्खनच्या त्या थंड झालेल्या लाव्हाचीच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या. हा लाव्हा बराचसा जमिनीच्या लांब भेगांमधून वर येऊन शांतपणे दूरदूर पसरला. भूगर्भशास्त्रात त्याला फिशर इरप्शन म्हणतात, आणि लाव्हा कसा आला हे सांगताना पोर्ड आउट किंवा वेल्ड अप म्हणतात, त्या दगडालाच फ्लड बेसाल्ट असं नाव आहे. पाण्याचे शब्द दगडालाही लागतात ते असे. दुधाचे दात येतात तेही इरप्ट आणि अंगावर पुरळ उठते तेही इरप्शन, तिथे कुठे स्फोट होतो?

आता मनातलं आणि माणसांचं

वस्तूंवर हात बसला की लाक्षणिक वापर सोपा जातो, कारण शब्द आपला जोर, वाट आणि स्वभाव सोबत घेऊन येतो.

आपला "फुटणं" इथे सगळ्यात जास्त अडवतो. मराठीत पाइप फुटतो, बंधारा फुटतो, पेपर फुटतो, घाम फुटतो, रडू फुटतं, कोंब फुटतो आणि कधी कधी वाचाही फुटते. इंग्रजीत प्रत्येकाची वाट वेगळी. पाइप बर्स्ट होतो, बंधारा ब्रीच होतो. पेपर लीक होतो कारण बंद ठेवायचं होतं ते नको तिथून बाहेर गेलं, "द पेपर बर्स्ट" म्हटलं तर कागद फाटला की काय असं वाटेल. घामासाठी "ही ब्रोक आउट इन अ स्वेट". रडण्यासाठी "शी बर्स्ट इन्टू टिअर्स". कोंबाला स्प्राउट. वाचा फुटली तिथे कुठलंच फुटणं चालत नाही, "ही फाउंड हिज व्हॉइस". आणि गुपित तोंडातून पटकन निसटलं तर ब्लर्ट आउट.

डोळ्यांचंही बघा. पाणी भरून आलं पण पडलं नाही तर "हर आइज वेल्ड अप". गालावर ओघळलं तर ट्रिकल किंवा रोल डाउन. धारा लागल्या तर स्ट्रीम. बांध फुटला तर बर्स्ट इन्टू टिअर्स. निरोप समारंभावर लिहायचं असेल तर या क्रमाने लिहून बघा, वाचणारा सोबत येतो.

मन मोकळं केलं तर पोर आउट, "ही पोर्ड आउट हिज हार्ट टू मी". एखाद्या मोठ्या माणसाच्या निधनानंतर सगळीकडून दुःख व्यक्त होतं ते आउटपोरिंग ऑफ ग्रीफ. एकदम राग सुटला तर आउटबर्स्ट. जामठ्याच्या स्टेडियमवर सिक्सर गेला की "द क्राउड इरप्टेड", दंगल पण इरप्ट होते किंवा ब्रेक आउट होते, आजार आणि आग यांना मात्र ब्रेक आउटच, डेंग्यूची साथ म्हणजे आउटब्रेक. गश कौतुकाला लावताना सांभाळून. "शी गश्ड अबाउट द फिल्म" म्हणजे तिने जरा जास्तच कौतुक केलं, आणि इफ्युझिव्ह पण त्याच वळणाचा. आपल्या सरांच्या सत्काराच्या भाषणात "वी गश अबाउट हिम" असं कृपा करून लिहू नका.

माणसांच्या गर्दीबद्दल माझं मत ठाम आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं तिथे येतात. "पीपल पोर इन्टू दीक्षाभूमी" किंवा "स्ट्रीम इन" लिहा, त्यात ओघ आहे आणि मानही आहे. फ्लड मध्ये संकटाची छटा येते, आणि स्वॉर्म तर किड्यांचा शब्द आहे. श्रद्धेने आलेल्या माणसांना तो लावायचा नाही.

रोज पेपरमध्ये दिसणारे दोन शब्द जाता जाता सांगते. स्पेट ऑफ थेफ्ट्स म्हणजे एकापाठोपाठ चोऱ्या, हा स्पेट नदीवाला तोच. सर्ज म्हणजे एकदम चढलेली लाट, व्होल्टेजची किंवा पाऊस आला की कॅबच्या भाड्याची.

व्याकरणात कुठे अडकता

बर्स्टची तिन्ही रूपं बर्स्टच, बर्स्टेड नाही. बर्स्ट इन्टूनंतर नाम येतं, बर्स्ट आउटनंतर आयएनजीवालं रूप: बर्स्ट इन्टू टिअर्स, बर्स्ट आउट क्राइंग. "बर्स्ट आउट इन्टू लाफिंग" ही खिचडी करू नका, बर्स्ट आउट लाफिंग किंवा बर्स्ट इन्टू लाफ्टर, एक काहीतरी ठरवा. ओव्हरफ्लोचा भूतकाळ ओव्हरफ्लोड. ओव्हरफ्लोन लिहितात ती चूक फार पसरलेली आहे, फ्लोन हे उडण्याचं रूप आहे, वाहण्याचं नाही. नाम करताना शब्द उलटतो: ब्रेक आउट पण आउटब्रेक, बर्स्ट आउट पण आउटबर्स्ट, पोर आउट पण आउटपोरिंग. सीप स्वतःहून होतं, म्हणून "वॉटर वॉज सीप्ड" नाही चालत, "वॉटर सीप्ड इन" चालतं. स्पिल, लीक, पोर, डिस्चार्ज हे दोन्हीकडे चालतात, कोणी केलं तरी आणि आपोआप झालं तरी.

आणि पुस्तकात डोकं घालून बसणं याला पोर ओव्हर म्हणतात पण त्याचं स्पेलिंग पी-ओ-आर-ई. पी-ओ-यू-आर लिहिलं तर तुम्ही पुस्तकावर काहीतरी ओतलं असा अर्थ होतो.

सराव कसा करायचा

दिवसातून एक जागा धरा, आज स्वयंपाकघर, उद्या कूलर, परवा रस्ता, आणि तिथे बाहेर पडणाऱ्या गोष्टींची तीनचार वाक्यं लिहा. मग प्रत्येक वाक्यातलं क्रियापद काढून दुसरं टाका आणि काय बदललं ते मराठीत लिहा. "द रूफ लीक्ड" च्या जागी "वॉटर पोर्ड थ्रू द रूफ" टाकलं की बादली ठेवून भागत नाही, सामान हलवावं लागतं, एवढा फरक पडतो. हे अदलाबदलीचं काम कंटाळवाणं वाटतं पण याच्याइतकं दुसरं काही कामी येत नाही. अर्थ बघताना इंग्रजी-मराठी डिक्शनरीवर थांबू नका, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, त्यातली उदाहरणाची वाक्यं वाचा. जुलै ते सप्टेंबर इंग्रजी पेपर पेन घेऊन वाचा, नागपुरात 1911 पासून निघणारा हितवाद घरी येत असेल तर उत्तमच. तलाव, धरण, नाले, पेपर लीक, साथीचे आजार, त्या तीन महिन्यांत हे सगळे शब्द आपोआप छापून येतात.

बोलून पण बघा, कारण उच्चारात गडबड होते. लीक दीर्घ म्हणा, ऱ्हस्व केला की चाटणं होतं. सीप ऱ्हस्व केला की घोट घेणं होतं. ऊझमध्ये शेवटी झ आहे, ऊस म्हणू नका. आणि ओव्हरफ्लो नाम असेल तर जोर ओ वर, क्रियापद असेल तर फ्लो वर.